जाहिरातींच्या आडची रंगभूमि

ग्रंथ जळला तर त्याची दुसरी प्रत कोठें तरी सांपडते. देऊळ पडलें तरी त्याचें जोतें राहतें. नाटकाचें तसें नाहीं. दिवे मालवले आणि मंडळी पांगली, म्हणजे प्रयोग म्हणून जें कांहीं होतें तें संपलें. मागें उरतें तें पुस्तक. आणि ज्या खेळाचें पुस्तकही नव्हतें, त्याच्या मागें उरते ती केवळ जाहिरात. म्हणूनच नाट्येतिहासकारास शेवटीं जुन्या वर्तमानपत्रांच्या दारीं जावें लागतें. या दारीं जाणाऱ्यानें काय मागावें, आणि जें पदरीं पडेल त्यावर किती विश्वास ठेवावा, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

या बाबतींत इंग्लंडांतील एका संशोधनाचें उदाहरण आपणांस फार बोधप्रद होण्यासारखें आहे. विषय दिसण्यांत क्षुद्र, किंबहुना ओंगळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडास फांसून कृष्णवर्णी गुलामांचें सोंग आणीत, त्यांच्या बोलीची वेडीवांकडी नक्कल करीत, बॅन्जो वाजवीत आणि नाचत. यालाच मिन्स्ट्रेल खेळ म्हणत. टॉमस राइस हा नट आपला ‘जिम क्रो’ घेऊन १८३६ सालीं लंडनास आला. १८४३ सालीं व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स आणि १८४६ सालीं इथिओपियन सेरेनेडर्स या मंडळ्या आल्या. आणि १८५७ पासून क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स या नांवाची तर इतकी चलती झाली कीं, तें एका मंडळीचें विशेषनाम न राहतां त्या जातीच्या सर्वच खेळांचें सामान्यनाम होऊन बसलें. इथिओपियाशीं यांपैकीं कोणाचा कांहीं संबंध नव्हता, हें सांगावयास नकोच. या खेळांचा माग काढण्यास गांवोगांवच्या वर्तमानपत्रांएवढें मोठें साधन दुसरें नाहीं. २०११ सालीं ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह सुरू झाल्यापासून तीं पत्रें घरबसल्या चाळतां येऊं लागलीं, आणि एक शब्द टंकून क्षणार्धांत शेंकडों उतारे समोर येऊं लागले.

परंतु उतारे शेंकडों म्हणजे साक्षीदार शेंकडों, असें समजणें भाबडेपणाचें होय. त्या काळचे प्रांतोप्रांतींचे संपादक एका हातांत कात्री व दुसऱ्या हातांत खळीचें भांडें घेऊन बसत. लंडनच्या पत्रांतील मजकूर लीड्सचें पत्र उचली, लीड्सचा डब्लिनचें पत्र उचली. एकाच माणसानें एकदां पाहिलेला खेळ अशा रीतीनें वीस ठिकाणीं पाहिला गेल्यासारखा दिसतो. दुसरें असें कीं, ज्यास आपण अभिप्राय समजतों तो पुष्कळदां जाहिरातीचाच धाकटा भाऊ असतो. ज्या मंडळीनें जाहिरातीचे पैसे भरले, तिच्याविषयीं चार गोड शब्द आंतल्या पानांत पडावे, हा व्यवहारच होता. ‘अस्सल’, ‘हुबेहूब’, ‘साक्षात् तिकडचे’ हे शब्द अशा मजकुरांत वारंवार भेटतात, ते या हिशेबानेंच वाचले पाहिजेत.

तिसरी अडचण याहून खोल आहे. १८४८ सालीं लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेंत ‘जूबा’ या नांवानें एक नर्तक नाचला. काळ्या सोंगाच्या त्या मंडळींत तो एकटा खरोखरीचा कृष्णवर्णी होता. त्याच्या पायांच्या चपळाईचीं वर्णनें पत्रकारांनीं इतकीं मन लावून लिहिलीं आहेत कीं, टोरांटो विद्यापीठांतील स्टीफन जॉन्सन यांस या काळांतील वर्तमानपत्री टिपणांचा स्वतंत्र संग्रहच करावासा वाटला. पायांविषयीं एवढें लिहिलेलें आहे. पण आपल्या बांधवांच्या विटंबनेंत नाचतांना त्या माणसास काय वाटत होतें, याचा पत्ता त्या वर्णनांतून लागत नाहीं. वर्तमानपत्र जें सांगतें त्याइतकेंच तें जें विचारीत नाहीं तेंही पुराव्याचाच भाग आहे, हा या संशोधनाचा खरा धडा होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, हें शाळकरी मुलासही पाठ असतें. परंतु आपल्या नाटकास तिकीट, नाट्यगृह आणि जाहिरात या तीन गोष्टी भेटल्या त्या १८५३ सालीं, मुंबईच्या ग्रँट रोडवरील थिएटरांत. तेंच साल बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवल्याचें. गाडी निघाली १६ एप्रिल रोजीं, भाव्यांचा खेळ त्याआधीं मार्चमध्यें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पारशी मंडळी त्या रंगमंचावर चढली. पुढल्या वर्षीं गाडी कल्याणास पोंचली. ज्या दोन गोष्टींनीं आपल्या मध्यमवर्गाची संध्याकाळ बदलून टाकली, त्या अशा एकाच ऋतूंत आल्या. आणि दोहोंचीही दिनांकवार नोंद आपणांस आज करतां येते ती मुख्यतः वर्तमानपत्रांच्या जोरावर.

आमच्या नाट्येतिहासकारांनीं हें साधन ओळखलें नाहीं असें नाहीं. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचें ‘मराठी रंगभूमि’ हें पुस्तक १९०३ सालचें. जुन्या मंडळ्यांच्या आठवणी अद्याप लोकांच्या तोंडीं होत्या, तोंवरच तें लिहिलें गेलें, हें त्याचें भाग्य. श्री. ना. बनहट्टी यांनीं १९५७ सालच्या आपल्या इतिहासांत आठवणींस कागदपत्रांची जोड दिली. कुमुदिनी मेहता यांनीं १९६० सालीं मुंबई विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीची कथा जुन्या पत्रांच्या फायलींतून एकेक धागा काढून विणली. हे श्रम मोठे आहेत, आणि त्यांच्याच खांद्यावर उभे राहून पुढील दोष दाखवितां येतो.

दोष असा कीं, इंग्रजी पत्रानें आपल्या नाटकाची दखल घेतली एवढ्यानेंच आपण हुरळून जातों; ती दखल कोणत्या नजरेनें घेतली हें विचारावयाचें विसरतों. भाव्यांची मंडळी इंग्रजी जाहिरातींत ‘हिंदू ड्रॅमॅटिक कोअर’ झाली. सांगलीच्या दरबारांत ज्या खेळास असें कोणतेंच बिरूद लागलें नव्हतें, त्यास मुंबईंत येतांच जातीचें नांव आणि पलटणीचा शब्द चिकटला. राक्षसाची आरोळी, सूत्रधाराचें गाणें, विदूषकाचा चाळा हें सर्व ज्याला ‘तिकडचें’ होतें अशा वाचकासाठीं ही भाषा घडली होती. ती स्तुति असली तरी परक्यानें दुर्बिणींतून पाहून केलेली स्तुति आहे. तिचा उतारा देऊन थांबणें म्हणजे पाहुण्याच्या प्रशस्तिपत्रकावरून घरच्या स्वयंपाकाची चव ठरविण्यासारखें होय.

आणि हाच पाहुणा पुढें काय करीत होता, हेंही त्याच फायलींत आहे. १८६० नंतरच्या वर्षांत डेव्ह कार्सन नांवाचा काळ्या सोंगाचा नट सॅन फ्रॅन्सिस्को मिन्स्ट्रेल्स ही मंडळी घेऊन हिंदुस्थानांत आला आणि कलकत्ता, मुंबई अशा शहरांतून त्यानें नांव कमाविलें. अमेरिकेंतील गुलामाचें सोंग येथील प्रेक्षकास किती दिवस पुरणार? कार्सननें काजळीचा डबा तसाच ठेवून सोंग तेवढें बदललें. मोडक्या इंग्रजींत गाणारा ‘बंगाली बाबू’ त्यानें रंगमंचावर आणला, आणि गोरा प्रेक्षक पोट धरून हंसला. मिन्स्ट्रेल खेळ हा दूरदेशचा विषय आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें येथें थांबून विचार करावा. जें यंत्र एका गुलाम जमातीच्या विटंबनेसाठीं तयार झालें, तें आगबोटींतून उतरून सुशिक्षित हिंदी माणसावर तितक्याच सहजतेनें चाललें. इंग्रजी शिकणें हाच ज्याचा अपराध, त्याचें इंग्रजी हेंच विनोदाचें खाद्य झालें.

कलकत्त्याचें वर्तमानपत्री वाङ्मय या बाबतींत आपल्याहून अधिक बोलकें आहे. १८४८ सालीं तेथील सां सूसी थिएटरांत वैष्णवचरण आढ्य या बंगाली तरुणानें ऑथेल्लोची भूमिका केली. गोरे नट ज्या भूमिकेसाठीं तोंड रंगवीत, ती न रंगविलेल्या तोंडानें झाली. आणि इंग्रजी पत्रांचें लक्ष अभिनयाइतकेंच, किंबहुना अधिक, त्या कातडीकडे गेलें. पुढें १८७३ च्या सुमारास अर्धेंदुशेखर मुस्तफी या थोर नटानें कार्सनच्या बाबूला उत्तर म्हणून स्वतः साहेबाचें सोंग घेतलें आणि साहेबाच्या हिंदुस्थानीची टर उडविली. टवाळीस टवाळीनें दिलेला हा जबाब बंगाली नाट्येतिहासांत मानानें नोंदलेला आहे.

मग मुंबईच्या मराठी प्रेक्षकानें काय उत्तर दिलें? हा प्रश्न आपल्या इतिहासग्रंथांतून पुरेशा आग्रहानें विचारलेला दिसत नाहीं, आणि त्याचें उत्तर इंग्रजी पत्रांत शोधूं जाणें व्यर्थ आहे. तें देशी पत्रांतच शोधलें पाहिजे; आणि देशी पत्र म्हणजे केवळ मुंबई-पुण्याचें पत्र नव्हे. ठाण्यास ‘अरुणोदय’ १८६६ सालीं निघाला. त्यापाठोपाठ ठाण्यांतूनच ‘हिंदुपंच’ निघूं लागला. त्याच्या नांवांतच आपल्या विषयाचें बीज आहे. लंडनच्या ‘पंच’चा मुखवटा ठाणेकरानें उचलला आणि तो आपल्या तोंडावर बसविला, म्हणजे मुस्तफीनें रंगमंचावर केलें त्याच जातीचें कांहीं काम येथें छापखान्यांत चाललें होतें. तो मुखवटा नेहमीं योग्य तोंडावरच नेम धरी असेंही नाहीं. नामदार गोखल्यांना १९०९ सालीं याच पत्रावर अब्रुनुकसानीची फिर्याद करावी लागली. पण हास्य हें शस्त्र आहे, आणि तें कोणाच्या हातीं आहे यावर सारें अवलंबून आहे, हें ठाण्याच्या या पत्रास पक्कें ठाऊक होतें.

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकाचा हात ज्या संस्थेस लागला, तिच्या परिसरांतील अभ्यासकांस जुन्या फायलींचें महत्त्व नव्यानें पटवून द्यावयास नको. परंतु आजच्या काळीं एक नवाच धोका उभा राहिला आहे. इंग्रजी जुनें अक्षर यंत्र सहज वाचतें. जुनें मराठी टंक, विरलेली शाई आणि मोडलेलीं जोडाक्षरें त्यास तितकीं वाचतां येत नाहींत. जें यंत्रास वाचतां येतें तेंच शोधलें जातें, आणि जें शोधलें जातें तेंच इतिहास म्हणून छापलें जातें. अशा रीतीनें दीडशें वर्षांपूर्वीं ज्याच्या हातीं लेखणी अधिक होती, त्याचेंच म्हणणें आजही अधिक ऐकूं येणार. हा अन्याय यंत्राचा नव्हे. ओल्या कपाटांतील पानें उलगडून पाहण्याचा आळस करणाऱ्या आपलाच आहे.

तें काम करतांना एक कडू घोंट मात्र आपणांसही गिळावा लागेल. पौराणिक नाटकानंतर फार्स करण्याची चाल आपल्या रंगभूमीवर लौकरच पडली. बोलीची नक्कल ही फार्सची हुकमी कळ असते, मग त्या फार्सची भाषा कोणतीही असो. कार्सनच्या बाबूचा ज्यास संताप येतो, त्यानें आपल्या फार्सांतही कोणाच्या तोंडची भाषा हंसण्यावारी नेली, आणि ज्याची ती भाषा होती तो त्या वेळीं प्रेक्षागृहांत होता कीं दाराबाहेर, हा प्रश्न तितक्याच कठोरपणें विचारला पाहिजे. लंडनच्या पत्रांत जूबाच्या मनाचा ठाव लागत नाहीं याचें आपणांस वाईट वाटतें. आपल्या पत्रांतही अशा किती जणांच्या केवळ पायांचें वर्णन आहे, हें मोजून पाहिल्याखेरीज मराठी रंगभूमीचा इतिहास पुरा झाला असें म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.