तारा दातांना, मोजमाप आयुष्याचे

वाशीत फेरफटका मारताना दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर एक आश्वासन हमखास भेटते : दात सरळ करा, आत्मविश्वास मिळवा. आठवी-नववीतल्या मुलांचे पालक याविषयी शिक्षकांचाही सल्ला घेतात. म्हणून हे विधान तपासून पाहू.

पहिल्या भागाबद्दल वाद नाही. तारेचा हलका पण सततचा दाब दातावर पडला, की दाबाच्या बाजूचे हाड झिजते व मागच्या बाजूला नवे तयार होते. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात ती म्हणूनच.

पण आत्मविश्वास मोजायचा कशाने? 1994 मध्ये स्लेड व स्पेन्सर यांनी ऑस्ट्रेलियात 49 प्रश्नांची यादी केली; 1997 मध्ये स्लेड यांनी ती 14 प्रश्नांवर आणली. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण. बेरीज जितकी मोठी, तितका तोंडाचा त्रास जास्त. 11 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी 2002 मध्ये कॅनडात वेगळी प्रश्नावली निघाली. दुखते का, चावता येते का, लाज वाटते का, इतर मुले चिडवतात का, असे तिचे चार भाग आहेत.

अशा पाहण्यांत तारा लावल्यावर गुण आधी बिघडतात व उपचार संपल्यावर सुधारतात. पण बाराव्या वर्षी तारा लावलेले मूल पंधराव्या वर्षी तेच राहिलेले नसते. ते मोठे होते, चिडवणारेही मोठे होतात. उपचार न घेतलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय सुधारणेचे श्रेय तारेला कसे द्यायचे?

ब्रिटनमधील कार्डिफ येथे अशी तुलना झाली. 1981 मध्ये 11-12 वर्षांच्या हजारावर मुलांची तपासणी झाली व वीस वर्षांनी त्यांतील तीनशेंहून अधिक जणांना पुन्हा भेटण्यात आले. उपचार घेतलेल्यांचे दात अधिक सरळ होते व ते त्याबद्दल समाधानीही होते. मात्र गरज असून उपचार न मिळालेल्यांना मोठेपणी मानसिक त्रास झाल्याचे दिसले नाही. या अभ्यासालाही मर्यादा आहेत : बहुतेक मुले पुन्हा भेटली नाहीत, आणि कोणाला उपचार मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते.

आमचा मुख्य आक्षेप मोजमापाबद्दलच आहे. 'चिडवतात का?' या प्रश्नाचे उत्तर दातांवर अवलंबून असते, तितकेच वर्गावरही. एखाद्याला 'फावड्या' म्हणणारा वर्ग आजारी असेल, तर औषध एकट्या त्या मुलाच्या तोंडात का घालावे? शिवाय ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांना आत्मविश्वास तारांतून येतो असे सांगणे अन्यायाचे आहे.

याचा अर्थ उपचार निरर्थक, असा नव्हे. खालचे दात टाळूला रुतत असतील, किंवा फार पुढे आलेले दात पडल्यावर तुटण्याचा धोका असेल, तर तज्ज्ञाला दाखवावेच. वाशीजवळ नेरूळ व बेलापूरला दंतमहाविद्यालये आहेत. तेथेही चौकशी करावी.

वर्गात हे विधान फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे : हे खरे आहे का, हे ठरवायला कोणाची कोणाशी तुलना कराल? किती वर्षे वाट पाहाल? चिडवणे थांबवल्यावर गुण किती बदलतात, हे कसे पाहाल?