शेळ्यांनी दखल घेतली
ब्रिटिश डिझायनर थॉमस थ्वेट्स कृत्रिम पाय लावून, चार पायांवर आल्प्समध्ये शेळ्यांच्या कळपात वावरले. २०१६ मध्ये त्यांना इग नोबेलही मिळालं. हसाल तुम्ही, मीही हसले. पण त्यांच्या ‘गोटमॅन’ पुस्तकातला एक प्रसंग वाचाच. चरता चरता ते चढावर सगळ्यांपेक्षा उंच जाऊन उभे राहिले, आणि शेळ्या चरायच्या थांबून त्यांच्याकडे बघायला लागल्या. कळपात उंच जागा म्हणजे मानाची जागा! प्राण्यांशी ‘जोडणारी’ बरीच वेअरेबल्स सगळा अनुभव माणसालाच देतात, जनावराला त्याचा पत्ताही नसतो. इथे शेळ्यांनी प्रश्न विचारला. पुस्तकाचं उपशीर्षक मात्र माणूसपणातून घेतलेल्या सुट्टीबद्दल आहे, आणि ते मला खटकतं. सुट्टी थ्वेट्स यांची. आगंतुक पाहुणा सांभाळला तो कळपाने.