देवीचं शहर कधी वसतं? माहीमची बखर आणि प्लेटोचं अथेन्स

'माहीम' म्हटलं की बहुतेकांना मुंबईतलं स्टेशन, खाडी आणि दर्गा आठवतो. आपण पालघरवाले आधी विचारतो, "कुठलं माहीम?" कारण एक माहीम आपल्याकडे आहे, केळव्याला लागून. त्याचं जुनं नाव महिकावती. गावात महिकावती देवीचं देऊळ आहे, आणि याच नावाची एक बखर आहे, 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली.

माझ्या प्रबंधाचा विषय 'शहरं आपल्या जन्माची गोष्ट कशी सांगतात' असा आहे. विषय सांगितला की तारापूर-बोईसर भागातले लोक हमखास एकच प्रश्न विचारतात: "मग महिकावती खरी होती का हो?" म्हणजे राजधानी, राजवाडा, बिंब राजा, हे सगळं झालं होतं का? प्रश्न रास्त आहे. पण नुसत्या 'होती' किंवा 'नव्हती'ने बखर समजत नाही. म्हणून आज तिच्या शेजारी एक ग्रीक पुस्तक ठेवून वाचूया. त्यातही देवीचं एक शहर आहे, आणि ते काल्पनिक आहे याबद्दल अभ्यासकांमध्ये फारसं दुमत नाही.

प्लेटोने रचलेलं अथेन्स

अटलांटिसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. समुद्रात बुडालेलं बेट, त्याच्यावर सिनेमे, दर काही वर्षांनी 'सापडलं' अशी बातमी. ही गोष्ट प्लेटोच्या 'टिमिअस' आणि 'क्रिटिअस' या दोन संवादांतून येते. गंमत अशी, की त्या गोष्टीचं नायक शहर अटलांटिस नाहीच. नायक आहे नऊ हजार वर्षांपूर्वीचं अथेन्स, ज्याने अटलांटिसला हरवलं. ते शोधायला कोणी पाणबुडी घेऊन जात नाही!

हे जुनं अथेन्स देवीचं शहर आहे. देवांनी जमिनीची वाटणी केली तेव्हा हा प्रदेश अथीना आणि तिचा भाऊ हेफेस्टस यांच्या वाट्याला आला. टेकडीच्या माथ्यावर त्यांचं देऊळ, देवळाभोवती लढवय्यांची वस्ती, उतारावर कारागीर आणि शेतकरी. देवीची मूर्ती शस्त्रधारी, कारण त्या काळी बायकाही पुरुषांबरोबर लढाईचं शिक्षण घेत, असं प्लेटो सांगतो.

आता ही गोष्ट कोणी कोणाला सांगितली ते बघा. इजिप्तमधल्या साइस नगरात नीथ देवीचं देऊळ होतं. साइसचे लोक म्हणत, आमची नीथ तीच तुमची अथीना. तिथल्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याने ती अथेन्सच्या सोलोनला सांगितली, आणि सोलोनकडून पिढ्यान्‌पिढ्या ती क्रिटिअसपर्यंत आली. क्रिटिअस ती अथीनेच्या उत्सवाच्या दिवसांत सांगतो. म्हणजे साक्षीदार देवळातला, सांगण्याचा मुहूर्तही देवीचाच.

हे प्लेटोने कधी लिहिलं? इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरलं. तटबंदी पाडावी लागली, आरमार गेलं. त्यानंतर काही दशकांनी प्लेटो हे लिहितो. डोळ्यासमोरचं अथेन्स हरलेलं, आणि कागदावर मात्र देवीने स्वतः वसवलेलं, कधीच न हरलेलं अथेन्स. माझं वाचन असं, की ही वेळ योगायोगाची नाही. शहराची सत्ता हातातून गेली की देवीचं शहर लिहिलं जातं.

बखरीतली देवी कुठे येते

आता आपल्या बखरीकडे या. हे एका माणसाने एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. काही भाग गद्य, काही पद्य, आणि वेगवेगळ्या शतकांतले थर एकमेकांवर चढलेले. दुसरं आणि तिसरं प्रकरण सगळ्यांत जुनं. ते केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८ मध्ये रचलं. बाकीची प्रकरणं नंतरची.

बखर वाचायला घेतली की आपण साहजिकच बिंब राजाकडे धावतो. तो कधी आला? एक बिंब होता की दोन? शके १०६० की शके १२१६? यावर वाद आहेत आणि तो या पोस्टचा विषय नाही. पण मला वाटतं, बखरीचा जीव बिंबाच्या आगमनात नसून १४४८ सालच्या एका स्वप्नात आहे.

मालाडचा देसला नायकोराव. देसला म्हणजे गावगाड्याच्या वरचा वतनदार. त्याच्या स्वप्नात देवी येते आणि महाराष्ट्रधर्म राखायची आज्ञा करते. बिंबांचं राज्य तेव्हा संपलेलं आहे. उत्तर कोकणावर गुजरातच्या सुलतानांचा अंमल आहे. नायकोराव मग लोकांना जमवतो, आणि त्या मेळाव्यात केशवाचार्य वंश, कुळं, गोत्रं सांगतो.

हा प्रसंग साहित्य म्हणून वाचा. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द आपण समर्थ रामदासांशी जोडतो, तो इथे त्यांच्याही दोनेकशे वर्षं आधी आहे. देवीने तो कोणाला सांगितला? राजाला नाही, कारण सांगायला राजाच उरलेला नाही. आज्ञा झाली ती 'किल्ला घे' अशीही नाही. नायकोरावाने फौज उभी केली नाही, त्याने माणसं बसवून नावं वाचून घेतली. राजधानी गेली, गादी गेली, पण 'आपण कोण' याची यादी करता येते. महिकावती त्या यादीत पुन्हा वसली. 'खरी होती का' या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: राजवाडा कुठे होता ते पुराणवस्तूवाले सांगतील, पण १४४८ नंतरची महिकावती कागदावरची आहे आणि तीही तितकीच खरी आहे, कारण माणसं तिच्या नावाने वागली.

प्लेटोशी ताडून बघा. क्रिटिअस म्हणतो, पुराने सगळं धुऊन नेलं, डोंगरावरची निरक्षर माणसं तेवढी वाचली, म्हणून पूर्वजांची नावं टिकली आणि कर्तबगारी विसरली गेली. मग तो कर्तबगारी नव्याने रचतो. केशवाचार्य उलट करतो. त्याला कर्तबगारीचं फारसं पडलेलं नाही, त्याला नावं हवीत. प्लेटोच्या शहरात रचना आहे पण ओळखीचा माणूस नाही. बखरीत पानोपानी माणसं आणि गावं आहेत, पण शहर कसं दिसत होतं ते विचाराल तर हाती फार काही लागत नाही. वाचक म्हणून मला बखरीचा कंटाळा येतो तो इथेच, आणि तिचं मोलही इथेच आहे.

राजवाड्यांचं म्हणणं आणि माझी हरकत

राजवाड्यांचे उपकार मोठे. त्यांनी भाषेवरून, शकांवरून थर वेगळे केले, कुठला भाग कधीचा ते दाखवलं, आणि मोठी प्रस्तावना लिहिली. ती प्रस्तावना आजही बखरीइतकीच वाचण्याजोगी आहे.

त्यांचा एक निष्कर्ष मात्र मला पटत नाही. थोडक्यात असा: या भागात अन्न सहज मिळायचं, म्हणून सामान्य माणसाला राज्य कोणाचं याचं सोयरसुतक नव्हतं. राजे आले, गेले, लोक आपले शेतात.

आता मला सांगा, लोक जर इतके उदासीन असते तर १४४८ मध्ये ते जमले कशाला? दिवस मोडून, लांबून येऊन वंशावळी ऐकत बसणं हे बेफिकीर माणसाचं लक्षण नाही. त्यांना राज्य परत मिळवता येत नव्हतं हे खरं. पण राज्य गेल्यावर कोणाचा मान कुठला, वतन कोणाचं, सोयरीक कोणाशी, हे सगळं पुन्हा ठरवायचं होतं. हेही राजकारणच की! राजवाड्यांना राजकारण म्हणजे दिल्ली, देवगिरी, पुणे असं दिसत होतं. बखरीत ते पंगतीत आणि देवळात चाललेलं आहे.

एक उलटी तपासणी

'सत्ता गेली की देवी येते' हे माझं सूत्र. ते कुठे मोडतं का, ते पाहिलंच पाहिजे. आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर हे पोर्तुगीजांचे किल्ले वर्षाच्या सुरुवातीलाच मराठ्यांकडे आले आणि मे महिन्यात वसई पडली. वसईसाठी चिमाजींनी वज्रेश्वरीला नवस केला होता, आणि तो फेडायला देऊळ बांधलं गेलं. देवीने स्वप्नात येऊन वाट दाखवली अशी आख्यायिकाही आहे.

म्हणजे इथे देवी आली ती जिंकणाऱ्याकडे. सूत्र मोडलं? मला वाटतं, थोडं सुधारलं. स्वप्न दोन्हीकडे आहे, फरक आहे तो त्यानंतर काय उभं राहिलं यात. हातात सत्ता असेल तर देवीच्या आज्ञेचं दगडी देऊळ होतं. वज्रेश्वरीचं तर किल्ल्यासारखं दिसतं. सत्ता नसेल तर तिचा मजकूर होतो. अथेन्सकडेच बघा: आरमार आणि खंडणी हाताशी होती तेव्हा पार्थेनॉन बांधलं, हरल्यावर 'क्रिटिअस' लिहिलं गेलं. तोही अर्धा राहिला. वाक्य मध्येच तुटतं.

यादीत कोण नाही

आता 'याचा आज काय उपयोग' याकडे येते. केशवाचार्याची यादी अजून जिवंत आहे. आपल्याकडच्या ज्ञातींच्या स्मरणिका उघडा, लग्नं जमवणाऱ्या मंडळींशी बोला. 'आमचं कूळ बखरीत आहे' हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांचं नाव त्या यादीत नाही, ते इथे नव्हते असं त्यावरून ठरवलं जातं, तिथे माझी हरकत सुरू होते.

१४४८ ची देवी देसल्याच्या स्वप्नात आली. पापलेट-बोंबलावर पोट असलेल्या मांगेल्याच्या किंवा डोंगरावरच्या वारल्याच्या स्वप्नात कोणी आलं असेल, तर ते लिहून घ्यायला केशवाचार्य नव्हता. डहाणूची महालक्ष्मी बघा. चैत्री पौर्णिमेला तिची यात्रा सुरू होते आणि गडावर मध्यरात्री ध्वज लावायचा मान आदिवासी पुजाऱ्याचा. ना बखर, ना राजधानी, तरी मान पक्का आहे. बखरीला प्रमाण मानून उत्तर कोकणचा इतिहास लिहिला तर हा ध्वज त्यात कुठे बसवणार?

यादीचं वजन किती असतं हे तारापूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. अणुऊर्जा केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. गाव उठलं की पहिला कागद बनतो तो बाधितांच्या यादीचा. ज्याचं घर त्याचं नाव, ज्याचा सातबारा त्याचं नाव. समुद्रावर ज्याचा हक्क फक्त वहिवाटीचा, त्याने काय दाखवायचं? आता वाढवण बंदराच्या निमित्ताने तोच प्रश्न पुन्हा दारात आहे. अशा वेळी 'इथले मूळचे कोण' याचा पुरावा म्हणून जुनी पुस्तकं बाहेर निघतात, म्हणून ती कशी वाचायची हे ठरवणं गरजेचं आहे.

बखर टाकून द्या असं मी म्हणत नाही. उलट घरी असेल तर काढा आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करा, बिंबापासून नको. प्रत्येक यादीपाशी दोन प्रश्न विचारा: ही कोणी करायला सांगितली, आणि त्या दिवशी मेळाव्याला कोणाला बोलावलं नव्हतं? पहिल्याचं उत्तर बखर स्वतःच देते. दुसऱ्याचं उत्तर तिच्यात मिळणार नाही. ते गडावरच्या ध्वजाशी, बंदरावरच्या बायकांशी आणि उठलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांशी बोलून गोळा करावं लागेल. तुमच्या घरात अशी कोणी आजी असेल तर तिला आधी गाठा, बखर कुठे पळून जात नाही.