संगणकीय निसर्गचित्र आणि पनवेलचे डोंगर : सॉफ्टवेअर-निवडीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

संगणकावर डोंगर, दरी, पाणी व आकाश निर्माण करणारी सॉफ्टवेअर्स गेल्या तीन दशकांत कला, भूगोल, वास्तुकला आणि माध्यम या विषयांच्या वर्गांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांतून निवड करताना सामान्यतः तीनच प्रश्न विचारले जातात : किंमत किती, शिकायला सोपे कोणते आणि चित्र देखणे कोणाचे येते. हे प्रश्न गैर नाहीत, पण अपुरे आहेत. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात ‘डोंगर म्हणजे काय’ याची एक कल्पना आधीच बसवलेली असते आणि ती बहुधा सह्याद्रीवरून घेतलेली नसते. प्रस्तुत लेखात या सॉफ्टवेअर्सचा विचार पनवेल परिसरातील भूरूपांच्या कसोटीवर केला आहे.

डोंगराची कल्पना

१९९४ मध्ये आलेल्या ब्राइसचे नावच अमेरिकेतील यूटा राज्यातील ब्राइस कॅनियनवरून घेतलेले आहे. त्याच्या निर्मात्यांपैकी केन मस्ग्रेव्ह हे अपूर्णमितीय भूमितीचे, म्हणजे फ्रॅक्टलचे, प्रणेते बेन्वा मँडेलब्रॉट यांचे विद्यार्थी. लहान खडकात मोठ्या पर्वताचीच घडण पुन्हा दिसते, हे या भूमितीचे गृहीत होय. यादृच्छिक चढउतारांचे थर एकमेकांवर रचून त्यातून सुळक्यासुळक्यांची, दातेरी पर्वतरांग तयार होते. टेराजेनचा पायाही मुळात हाच.

सह्याद्री मात्र असा घडलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पसरत गेले आणि पुढे त्यांची झीज झाली. ‘डेक्कन ट्रॅप’मधील ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आला, तो याच कारणाने. पनवेलहून पूर्वेकडे पाहिल्यास प्रबळगड आणि माथेरान यांचे सपाट माथे, त्याखाली उभा कडा, मग उतार आणि पुन्हा कडा असा क्रम दिसतो. केवळ यादृच्छिकतेतून हा क्रम हाती लागत नाही. वर्ल्ड मशीन आणि गेया यांत थर व पायऱ्या पाडण्याची स्वतंत्र साधने आहेत. शिवाय पाण्याने होणाऱ्या झिजेचे अनुकरणही त्यांत आहे. सह्याद्रीसदृश काल्पनिक भूमी रचायची असेल, तर ही दोन सॉफ्टवेअर्स ब्राइसपेक्षा निश्चितच सरस ठरतात.

कर्नाळ्याचा सुळका

काल्पनिक नव्हे, तर प्रत्यक्ष डोंगर दाखवायचा असेल तर प्रश्न बदलतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानावरील रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. सुमारे ३० मीटरच्या चौकटींत विभागलेली ती माहिती आज विनामूल्य उपलब्ध असून नावाजलेली बहुतेक सॉफ्टवेअर्स ती स्वीकारतात. येथे कर्नाळा किल्ला चांगली परीक्षा घेतो. त्याच्या माथ्यावरील बेसॉल्टचा अंगठ्यासारखा सुळका शंभर फुटांहून उंच, पण घेराने लहान आहे. ३० मीटरच्या चौकटीत त्याची उंची भोवतालच्या उंचीत मिसळून जाते. महामार्गावरून कोणालाही एका नजरेत ओळखू येणारा कर्नाळा संगणकावर एक साधा डोंगर होऊन उरतो.

चौकट बारीक केली तरी अडचण पूर्ण सुटत नाही. उंचीच्या नकाशात प्रत्येक बिंदूला एकच उंची असते. त्यामुळे सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली टाकी त्यात मावतच नाहीत. टेराजेनमध्ये पृष्ठभाग आडवा सरकवून कपारी साधता येतात. ब्लेंडरमध्ये सुळका स्वतंत्र घनाकृती म्हणून घडवून डोंगरावर बसवता येतो, आणि हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. कारण मोजलेले किती आणि हाताने घडवलेले किती, हे वेगळे ठेवता येते. याउलट रडारने मोजलेल्या उंचीवर झिजेची क्रिया पुन्हा चालवण्याची प्रथा आक्षेपार्ह वाटते. ज्या डोंगराला लक्षावधी पावसाळ्यांनी झिजवले आहे, त्यावर सॉफ्टवेअर आणखी एक पाऊस पाडते, मग चित्रात कोठेही नसलेल्या घळी उमटतात आणि पाहणारा त्यांना खऱ्या समजतो.

झाडे, ऋतू आणि टिकाऊपणा

वनस्पतींच्या बाबतीत व्ह्यूची ख्याती मोठी होती. तथापि तयार संग्रहातील सूचिपर्णी वृक्षांनी प्रबळगडाचा उतार भरला, की चित्र देखणे होते आणि खोटे ठरते. ऐन, किंजळ, साग, कारवी ही झाडोरी ज्याची त्यालाच घडवावी लागते. आकाश व धूसरता यांत टेराजेनला तोड नाही. आषाढातले ढग कड्याच्या निम्म्यावर उतरलेले दाखवायचे असतील, तर त्याचाच आधार घ्यावा.

टिकाऊपणाचा विचार मात्र क्वचितच होतो. ब्राइसची सातवी आवृत्ती २०१० मध्ये आली. त्यानंतर नवी मुख्य आवृत्ती आली नाही. व्ह्यूची निर्माती ई-ऑन कंपनी २०१५ मध्ये बेंटली सिस्टिम्सकडे गेली आणि २०२४ मध्ये व्ह्यूचा विकास थांबवून ते विनामूल्य खुले करण्यात आले. फुकट मिळते म्हणून महाविद्यालयाने आज ते अभ्यासक्रमासाठी स्वीकारणे शहाणपणाचे नाही. ब्लेंडर आणि क्यूजीआयएस ही मुक्त सॉफ्टवेअर्स चेहऱ्याने रुक्ष आहेत व शिकायला वेळ घेतात. परंतु त्यांचा मालक बदलल्याने विद्यार्थ्यांचे काम कुलूपबंद होण्याचे भय नाही.

उलव्याची टेकडी

पनवेलसाठी हा मुद्दा केवळ सोयीचा नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. २००० सालच्या त्या रडार-मोजणीत ही टेकडी अजून उभी आहे. नव्या मोजणीशी तिची तुलना करून हरवलेला भूभाग पुन्हा उभा करणे पदवीच्या विद्यार्थ्यालाही शक्य आहे, आणि हे काम क्यूजीआयएसमध्ये मूळ आकडे जपून, ब्लेंडरमध्ये चित्र करूनच व्हावे. येथे देखण्या चित्रापेक्षा त्यावर लिहिलेले मोजणीचे वर्ष मोलाचे आहे. विमानतळासाठी उठलेल्या तरघर, कोंबडभुजे, वाघिवली या गावांची नावे मात्र त्या आकड्यांत सापडणार नाहीत. ती जुन्या सर्वेक्षण नकाशांवरून आणि तेथून हललेल्या कुटुंबांना विचारून चित्रावर हातानेच लिहावी लागतील.