पाच पानं उरली: निक ड्रेक आणि पश्चातबुद्धी

निक ड्रेक या इंग्रज गायक-गीतकाराचा पहिला अल्बम १९६९ साली आला. नाव 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट', म्हणजे पाच पानं उरली. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, तो गेला. एकोणसत्तर अधिक पाच, चौऱ्याहत्तर. हा हिशोब मांडून 'त्याला आधीच कळलं होतं' म्हणणारे चाहते भरपूर भेटतात. प्रत्यक्षात ते शब्द आले रिझलाच्या पाकिटातून. सिगारेट वळायचे कागद संपत आले की आत तशी चिठ्ठी लागायची. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या पोराने ती उचलून अल्बमवर लावली, इतकंच.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की कलाकार गेल्यावर त्याच्या कामाचा अर्थ कसा बदलतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यात एका जुन्या प्रयोगाचा मला फार उपयोग होतो. १९७५ साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४च्या इंग्रज-गुरखा लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे, काहींना बरोबरी झाली. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर काय होईल असं वाटलं असतं? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त शक्य वाटला. शिवाय वर्णनातला कुठला तपशील महत्त्वाचा, हेही त्या शेवटाप्रमाणे बदललं. माझ्या दृष्टीने हा दुसरा भाग जास्त कामाचा. शेवट कळला की आपण पुरावेही त्याच्या सोयीने निवडतो.

ड्रेकच्या बाबतीत नेमकं हेच होतं. 'फ्रूट ट्री' या गाण्यात मेल्यावर मिळणाऱ्या कीर्तीचा विषय आहे, म्हणून ते भविष्यवाणी ठरलं. पण कीट्स-शेली वाचणाऱ्या कुठल्याही विशीतल्या विद्यार्थ्याला हा विषय सुचतोच, आणि त्यातले बहुतेक जण पुढे छान म्हातारे होतात. उलट दुसऱ्या अल्बमकडे, 'ब्रायटर लेटर'कडे, लोक पाठ फिरवतात. त्यात तीन तुकडे बिनशब्दांचे आहेत, तिथे भाकीत शोधायला जागाच नाही. 'नॉर्दर्न स्काय' तर सरळ सरळ आनंदाचं प्रेमगीत आहे. वाद्यमेळ मलाही जरा जास्त वाटतो, पण ते गाणं वगळून ड्रेक समजला असं कुणी म्हणू नये.

आता तिसरा अल्बम, 'पिंक मून' (१९७२). दंतकथा अशी की खचलेल्या निकने टेप कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवली आणि कुणाला न भेटता निघून गेला. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या डेव्हिड सँडिसनची आठवण थोडी वेगळी आहे. त्याने निकला चहाचं विचारलं, वर नेलं, निक अर्धा तास त्याच्याजवळ बसला, आणि जाताना टेप खाली ठेवून गेला. बोलला जवळपास नाहीच, हे खरं. पण तो अर्धा तास दंतकथेतून गळतो, कारण शेवटाला तो नकोय.

रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९७१मध्ये दोन रात्रींत झालं. स्टुडिओत निक आणि इंजिनिअर जॉन वुड, दोघंच. एक गिटार, एक आवाज, शीर्षकगीतात वरून घातलेला थोडा पियानो. अकरा गाणी, अठ्ठावीस मिनिटं. निक तेव्हा आजारी होता, यात शंका नाही. पण नेहमीपेक्षा वेगळी लावलेली गिटार, अंगठ्याची अढळ लय आणि तिच्यावर सावकाश उतरणारा आवाज, हे ऐकताना हाताबाहेर गेलेलं काहीच ऐकू येत नाही.

१९७४ साली तो पुन्हा स्टुडिओत आला तेव्हा गाणं आणि वाजवणं त्याला एकत्र जमेना. आधी गिटार ध्वनिमुद्रित करून आवाज नंतर घालावा लागला. कारकिर्दीच्या अखेरीची मोजकी गाणी उरली ती अशी. आजाराने त्याला कला दिली म्हणणाऱ्यांनी या दोन रेकॉर्डिंगमधलं अंतर बघावं: आजार वाढला आणि कला जायला लागली. 'औषधं घेतली तर लिहिणं आटेल' असं मनापासून मानणारे लोक मला आजही भेटतात, आणि उदाहरण म्हणून याचंच नाव घेतात. म्हणून हा मुद्दा मला नुसत्या रसास्वादाचा वाटत नाही.

मग ती हुरहुर आली कुठून? निकचा जन्म रंगूनचा, वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर. जपानी चढाईनंतर आई मॉली दिल्लीला आली होती, तिथे ती बहिणीबरोबर आकाशवाणीवर गायची. निकची थोरली बहीण लाहोरची. इंग्लंडला परतल्यावर मॉली घरी पियानोवर स्वतःची गाणी गायची. त्या घरगुती टेपा तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. ऐकून बघा: तीच हळवी, अर्धवट सोडलेली सुरावट. मुलाने आईचा सूर उचलला, हे मला निदानापेक्षा सोपं आणि पटणारं स्पष्टीकरण वाटतं.

आणि एक अजब पुरावा जाहिरातीचा. हयातीत ड्रेकच्या रेकॉर्डी जेमतेम काही हजार खपल्या. १९९९च्या सुमारास फोक्सवॅगनने एका जाहिरातीत 'पिंक मून' वापरलं: चांदण्या रात्री उघड्या गाडीतून जाणारी चार पोरं, पार्टीच्या दारात पोचून परत फिरतात. विक्री एकदम कित्येक पटींनी वाढली. जाहिरात बघून दुकानात गेलेल्या बहुतेकांना तो कोण, कसा गेला, काहीच माहीत नव्हतं. गाण्याने आपलं काम चरित्राशिवाय केलं होतं.

नव्याने ऐकणार असाल तर 'रिव्हर मॅन'पासून सुरुवात करा. पाच मात्रांचं आवर्तन आहे, बोटांवर मोजत ऐका. समेवर आवाज येईल असं वाटतं, आणि तो थोडा उशिराच येतो.