‘अर्थ’, ‘बॉडी’ आणि भूसंपर्क

संगणकाचा मदरबोर्ड पेटीत बसविताना उद्भवणाऱ्या विद्युत्‌दोषांस सरसकट ‘भूसंपर्काचे दोष’ म्हणण्याचा प्रघात प्रस्तुत लेखकास सदोष वाटतो. रावेरकडील कारागीर दोन शब्द वापरतो. ‘अर्थ’ म्हणजे मीठ-कोळशाच्या खड्ड्यातून जमिनीत गेलेली तार. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की तिचा रोध वाढतो व खड्ड्यात पाणी ओतावे लागते. ‘बॉडी’ म्हणजे पेटीचा पत्रा. बोर्डाच्या भोकांभोवतालची धातूची कडी पितळी खुंट्यांवाटे या पत्र्याशी जोडली जाते, आणि तो संपर्क इष्टच होय. परंतु भोक नसलेल्या जागी एखादी खुंटी राहिली, तर ती बोर्डाच्या मागील डाखांना टेकते व संगणक सुरूच होत नाही. वीज तोडून बोर्ड बाहेर काढावा, पुठ्ठ्यावर ठेवून पुन्हा जोडावा. तेथे चालला, तर दोष बसवणीत आहे. जमिनीचा यात काहीही संबंध नाही. याउलट, पत्र्यास हात लागताच झिणझिण्या आल्या, तर तीन पिनांची जोडणी आणि खड्डा तपासावयास हवा. हा भेद ‘भूसंपर्क’ या संज्ञेत लोपतो. ‘अर्थ’ आपल्या ‘अर्था’शी समोच्चारी आहे, हा आक्षेप पोकळ आहे, ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य वर्गात आणि दुकानात कोणीही अचूक उमजतो. ‘स्टँडऑफ’ला आम्ही येथे ‘खुंटी’ म्हटले, ते केवळ सोयीसाठी.