संच सुधारला, स्रोत आटला

रेडिओ हा संगीताचा स्रोत आहे असे आज कोणी म्हटले, तर दोन प्रकारचे लोक हसतात. ज्यांच्या दिवाणखान्यात उत्तम अँप्लिफायर, भारदस्त स्पीकर आणि सीडी-प्लेअर आहे, ते रेडिओला बातम्यांचे, फार तर क्रिकेटच्या समालोचनाचे साधन मानतात. ज्यांचे रेडिओवर जुने प्रेम आहे, ते हाय-फाय संचाला श्रीमंतांचे चोचले समजतात. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक दिसत असले, तरी त्यांची समजूत एकच आहे. आवाजाचा दर्जा घरातल्या यंत्रात असतो, असे दोघेही धरून चालतात. प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. दर्जा ठरतो तो प्रक्षेपण केंद्रात; घरातला संच तो केवळ उघड करतो. साधा संच केंद्राचे दोष झाकतो आणि उत्तम संच ते चव्हाट्यावर आणतो. म्हणून चांगल्या संचावर रेडिओ ऐकणे ही रेडिओची खरी समीक्षा आहे, आणि तशी समीक्षा करण्याची वेळ आता आली आहे.

या विषयाशी हैदराबादच्या मराठी कुटुंबांचे नाते जुने आहे. निजामी राजवटीतील ‘डेक्कन रेडिओ’वरून उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी या चारही भाषांत कार्यक्रम होत असत. संस्थान विलीन झाल्यावर १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र आकाशवाणीत सामील झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा या वस्त्यांतील मराठी घरांना मुंबई-पुण्याच्या मैफली दुरावल्या होत्या, नाटक कंपन्यांचे दौरे विरळ झाले होते. अशा घरांत हिंदुस्थानी संगीताची अभिरुची टिकली, ती बऱ्याच अंशी फळीवर ठेवलेल्या लाकडी पेटीमुळे. हे ऋण भावनेपोटी सांगत नाही. त्यामागे एक ठोस कारण आहे, आणि ते कालावधीचे आहे.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तेवढ्या वेळात बंदिश मांडता येते, तानेची चमक दाखवता येते; पण ख्याल उलगडता येत नाही. दीर्घवादन तबकड्या आपल्याकडे येईपर्यंत, आणि आल्यावरही त्या सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येईपर्यंत, पूर्ण विस्ताराचा ख्याल घरबसल्या ऐकवणारे साधन रेडिओ हेच होते. १९५२ मध्ये आकाशवाणीने संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. अनेक दशके तो शनिवारी रात्री साडेनऊला लागत असे आणि दीड तास चालत असे. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनाची त्यात भर पडली. ज्या बडे गुलाम अली खाँसाहेबांनी १९६८ साली आपल्याच शहरात देह ठेवला, त्यांची तीन मिनिटांची तबकडी आणि त्यांचे रेडिओवरील दीर्घ गायन यांची तुलना केली, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. तबकडीत खाँसाहेबांचा गळा भेटतो. दीर्घ गायनात त्यांचा विचार भेटतो.

त्या काळच्या धोरणावर टीका करण्यास जागा आहे. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना दूर ठेवले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ते परत यावेत म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. हार्मोनियमला तर १९४० पासूनच रेडिओवर मज्जाव होता आणि तो १९७० नंतर हळूहळू सैल झाला. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर वाढलेल्या मराठी रसिकाला हा निर्णय आकसाचा वाटावा, यात नवल नाही. परंतु याच धोरणातून सारंगीला आश्रय मिळाला, कलावंतांची ध्वनिपरीक्षा होऊन त्यांची श्रेणी ठरू लागली आणि दीड तासाची बैठक सर्वसामान्य घरात पोहोचली. अतिरेकी धोरणाचेही काही फळ असते. धोरणच नसण्याचे फळ मात्र आपण आज भोगत आहोत.

आता ध्वनीविषयी. मध्यमलहरीवर साधारणपणे साडेचार-पाच हजार हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज जातो. त्यावरचे सूक्ष्म स्वरांश, म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी किंवा तबल्याच्या चाटेवरील कडक बोल, वाटेतच गळून पडतात. तरीही जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओवरचे गाणे तृप्त करी, याचे कारण मानवी गळ्याचा मुख्य ऐवज या मर्यादेच्या आत मावतो. शिवाय लाकडी पेटीत मोठा स्पीकर असे, त्यामुळे खर्जाला भरीव बैठक मिळे. काचीगुड्याच्या आमच्या घरी गच्चीवर दोन बांबूंमध्ये तार ताणलेली होती. हिरव्या डोळ्याची पापणी मिटेपर्यंत वडील काटा फिरवीत, आणि त्यानंतर घरात कोणी बोलायचे नाही असा दंडक होता. सूर्यास्तानंतर वातावरणाचा मध्यमलहरी शोषणारा थर विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या दूरवर पोहोचतात. त्यामुळे रात्री दूरची केंद्रेही लागत. मात्र आवाज लाटेसारखा येई आणि ओसरे. आज तीच तार ताणली, तरी एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांची खरखर आधी ऐकू येते. त्यातच गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने आपले अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद केले आहेत.

हाय-फाय संचाला शोभेल असा रेडिओ आला तो एफएमच्या रूपाने. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९३३ मध्ये या पद्धतीचे स्वामित्वहक्क मिळवले. भारतात ती १९७७ मध्ये मद्रासला प्रथम आली. एफएमवर पंधरा हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जातो, विजेची खरखर जवळजवळ नाहीशी होते आणि स्टीरिओही मिळतो. मात्र एफएमची लहर सरळ रेषेत चालते. हैदराबादच्या खडकांवर आणि उंच इमारतींवर आपटून ती दोन-तीन वाटांनी घरात आली, की ‘स’ आणि ‘श’ फुटतात, तारसप्तक किरटे होते. यावरचा उपाय महागडा नाही. हाय-फाय संचाच्या ट्यूनरला सोबत मिळालेली वायर कपाटामागे लोंबकळत ठेवण्याऐवजी पाऊण-पाऊण मीटरच्या दोन भुजांचा साधा अँटेना गच्चीवर, केंद्राच्या दिशेस काटकोनात आडवा लावावा. लहर क्षीण असेल तर ट्यूनर मोनोवर ठेवावा. स्टीरिओच्या मोहापायी पार्श्वभूमीचा सुस्कारा कितीतरी पटींनी वाढतो. स्पीकर बदलण्यावर पन्नास हजार खर्च करणारे रसिक या पाचशे रुपयांच्या कामाची टाळाटाळ करतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

एवढे करून संच सज्ज झाला, की खरी परीक्षा सुरू होते. आणि ती संचाची नसते. अनेक एफएम केंद्रे आवाज बाहेर पाठवण्यापूर्वी त्याचे सपाटीकरण करतात. यंत्र हळू आवाज वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते. मोटारीत, रहदारीच्या गोंगाटात सर्व काही सारखे ऐकू यावे, हा त्यामागचा हेतू. दोन केंद्रांमधून काटा फिरवताना जे मोठ्याने वाजते तेथे श्रोता थांबतो, हा व्यापारी हिशेबही त्यात आहे. चित्रपटगीताला याची झळ कमी लागते. ख्यालाचा मात्र यात जीवच जातो. एका केंद्रावर ऐकलेला विलंबित ख्याल माझ्या चांगला लक्षात आहे. गायक षड्जावर विसावला, की मागचा तंबोरा फुगून पुढे येई. गायकाने पुन्हा आवाज लावला, की तो एकदम मागे ढकलला जाई. कोणी तरी मैफलीचे दार सारखे उघडझाप करीत असल्यासारखे वाटत होते. जेथे विसावा आहे तेथेच गलबला. लहान ट्रान्झिस्टरवर हा दोष कोणाच्या ध्यानातही येणार नाही, चांगल्या संचावर तो सहन होत नाही. वाचकांनी ही तंबोऱ्याची कसोटी कोणत्याही केंद्राला लावून पाहावी. गाणे थांबल्यावर तंबोरा जागच्या जागी राहिला, तर ते केंद्र संगीताचा मान राखणारे आहे असे खुशाल समजावे.

हा दोष तंत्राचा अपरिहार्य भाग नाही, हे परदेशी उदाहरणावरून कळते. ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘रेडिओ थ्री’ या अभिजात संगीताच्या वाहिनीसाठी २०१० मध्ये इंटरनेटवरही सेकंदाला ३२० किलोबिट इतक्या उच्च दर्जाचे प्रक्षेपण सुरू केले. रसिक ते हाय-फाय संचाला जोडून ऐकतात. आपल्याकडे आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ रोजी ‘रागम्’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली, हे निःसंशय मोठे पाऊल होय. घरच्या डिशच्या पेटीतून निघणारी ध्वनीची वायर अँप्लिफायरला जोडली, की ती दिवाणखान्यात उत्तम ऐकता येते. पण अशी सोय आहे हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे?

रेडिओ हा केवळ वाहक नसून निर्माताही होता, याचे मराठीतील सर्वश्रेष्ठ उदाहरण म्हणजे गीतरामायण. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही कृती पुणे केंद्रासाठी जन्मली. १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक नवे गीत, याप्रमाणे ५६ गीते वर्षभर प्रसारित झाली. कार्यक्रम सकाळचा, दिवसा मध्यमलहरीला एवढा पल्ला नसतो, त्यामुळे हैदराबादेत पुणे केंद्र लागणे कठीणच. आपल्याकडे गीतरामायण मुख्यतः पोहोचले ते नंतरच्या तबकड्यांमधून आणि बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. मूळ प्रसारणात मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी अनेक गायकांचे कंठ होते. पात्रागणिक आवाज बदलत होता आणि श्रोत्याला पुढच्या प्रसंगासाठी आठवडाभर थांबावे लागत होते. तबकडीने आपल्याला एका थोर गायकाचे कथाकथन दिले. रेडिओने दिले होते ते श्राव्य नाट्य. या दोन निराळ्या कलाकृती आहेत, हे आपल्या समीक्षेने पुरेसे नोंदवलेले नाही.

आता सर्वांत बळकट आक्षेपाकडे वळू. हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मोबाईलवर मिळत असताना, दुसऱ्याने ठरवलेले ऐकण्याचे प्रयोजन काय? उत्तर प्रश्नातच आहे. स्वतः निवडणारा माणूस आपल्याला आधीच माहीत असलेले निवडतो. यंत्राने सुचवलेलेही त्याच्याच मागच्या निवडीवर बेतलेले असते. रेडिओवर मात्र कोणी जाणकार निवड करतो, रागाची वेळ सांभाळतो, नामवंतांच्या बरोबरीने एखाद्या अपरिचित ‘बी-हाय’ श्रेणीच्या गायिकेलाही अर्धा तास देतो. सकाळी ललत आणि सायंकाळी मारवा ऐकून ऐकून कानाला वेळेचे भान येते. ते भान शोधपेटीत शब्द टाकून मिळत नाही. आपल्या मागील पिढीतील कित्येकांनी गुरूकडे एक दिवसही न जाता राग ओळखण्याची पात्रता मिळवली. त्यांची पाठशाळा हीच होती. आपली नातवंडे आज तेलुगू आणि इंग्रजीच्या जगात वाढत आहेत. त्यांच्या कानावर न मागता पडणारे असे कोणते चांगले संगीत आपण घरात शिल्लक ठेवले आहे?

संच सुधारला आणि स्रोत आटला, अशी आजची स्थिती आहे. संच सुधारण्यासाठी आपण पदरमोड केली. स्रोत वाचवण्यासाठी तर खर्चही नाही. शासकीय सेवेत अनेक वर्षे काढल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो : ज्या सेवेविषयी लेखी मागणी येत नाही, ती सेवा निरुपयोगी ठरवून बंद करणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाते. म्हणून श्रोत्यांनी केंद्रांना पत्रे लिहावीत. आवडलेल्या मैफलीची तारीख, वेळ आणि कलावंताचे नाव देऊन दाद द्यावी. सपाटीकरण खटकले तर नेमक्या शब्दांत कळवावे, आणि शास्त्रीय संगीताच्या वेळेपुरते तरी ते यंत्र बाजूला ठेवण्याची मागणी करावी. आपल्या संस्थेने महिन्यातून एकदा सामुदायिक श्रवणाची बैठक घ्यावी : चांगला संच, गच्चीवर अँटेना, तास-दीड तासाचे प्रसारण आणि त्यानंतर चर्चा. पुस्तकांवर आपण चर्चा करतो, नाटकांवर करतो. ज्या माध्यमाने आपले कान घडवले, त्यावर तशी चर्चा होऊ नये, याला काही कारण दिसत नाही.